अवलंबितांचे आरोग्य : अमेरिकेतील स्थलांतरित स्त्रिया आणि वैद्यकीय सेवा

अमेरिकेत स्थलांतर करून येणारी माणसे तिथेच जन्मलेल्या माणसांपेक्षा येताना सहसा अधिक निरोगी असतात. यात नवल नाही. घरदार सोडून अर्ध्या पृथ्वीपलीकडे जाण्याची ताकद आणि उमेद ज्यांच्यात असते तीच निघतात. अंथरुणाला खिळलेली मागे राहतात. ही आघाडी मात्र टिकत नाही. वास्तव्य लांबते तसे वजन, रक्तदाब आणि रक्तातली साखर वाढत जाते, आणि काही वर्षांत नवागताचा फायदा बराचसा संपतो. स्त्रियांच्या बाबतीत याला आणखी एक गोष्ट जोडली जाते. डॉक्टरपर्यंत पोहोचण्याचा त्यांचा हक्क बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कागदावर उभा असतो : नवऱ्याच्या नोकरीवर, मुलाने भरलेल्या हमीपत्रावर, नाहीतर मालकाच्या मर्जीवर. कॅलिफोर्नियाच्या मळ्यात स्ट्रॉबेरी खुडणारी मेक्सिकन मजूर आणि न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारी मराठी इंजिनियर यांच्या मिळकतीत आणि शिक्षणात जमीनअस्मानाचा फरक आहे. तरी या बाबतीत त्या दोघी एकाच रांगेत उभ्या आहेत. मराठी समाजाला आपली ही शेजारीण सहसा दिसत नाही.

अमेरिकेत गेलेल्या मराठी स्त्रियांच्या आरोग्याचा इतिहास आनंदीबाई जोशींपासून सुरू होतो. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले आणि त्यातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला, हे मराठी वाचकाला पाठ आहे. जून १८८३ मध्ये त्या न्यू यॉर्कला उतरल्या; रोझेलच्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना आधार दिला; फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पदवीचा प्रबंध हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर होता. त्याच तीन वर्षांत कडाक्याची थंडी, अंगवळणी न पडलेला आहार आणि अभ्यासाचा ताण यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातली नेमणूक हाती असताना २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. बाविसावे वर्षही अजून पुरे सरले नव्हते. चरित्रांत हा मृत्यू दैवदुर्विलास म्हणून येतो. स्थलांतराचे आरोग्यशास्त्र पाहणाऱ्याला त्यात दैवाचा वाटा थोडा आणि थंडी, अन्न व एकटेपणाचा वाटा बराच दिसेल.

आजच्या मराठी स्त्रीचे अमेरिकेतले स्थान मुख्यतः दोन कायद्यांनी ठरवले आहे. १९६५ च्या कायद्याने वंशाधारित कोटा मोडला आणि भारतीयांना दार उघडले. १९९० च्या कायद्याने एच-वन-बी हा कुशल कामगारांचा व्हिसा आजच्या रूपात आला. एच-वनवाल्याच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो, आणि या व्हिसावर मुळात नोकरी करता येत नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जात नसल्याने भारतीयांची रांग दशकांत मोजावी लागते. २६ मे २०१५ पासून नवऱ्याचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचला असेल तर एच-फोर स्त्रीला काम करण्याचा परवाना, म्हणजे बोलीभाषेतले ‘ईएडी’, मिळू लागला. हा परवाना घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या आणि तितक्याच प्रमाणात भारतीय. त्याआधी, आणि टप्पा न गाठलेल्या घरांत आजही, पुण्यात दहा वर्षे नोकरी केलेली बाई तिकडे गेल्यावर कायद्यानेच घरी बसते. तिचा आरोग्यविमा नवऱ्याच्या कंपनीचा असतो. बँकेचे खाते, गाडी, घराचा करार यांवरही बहुधा त्याचेच नाव आधी असते.

शरीरापासून सुरुवात करायची तर पहिला विषय मधुमेहाचा. २०११ ते २०१९ या काळातल्या अमेरिकेतल्या जन्मनोंदी तपासून २०२१ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये पहिलटकरणींत गरोदरपणातल्या मधुमेहाचे प्रमाण हजार जिवंत जन्मांमागे सुमारे ६४ होते. भारतीय वंशाच्या स्त्रियांत ते सुमारे १२९ होते, तपासलेल्या सर्व गटांत सर्वाधिक. सरासरीच्या दुपटीचा हा आकडा अमेरिकेतल्या पिझ्झाने आणि आळसाने झाला, असे सांगणारे नातेवाईक घरोघरी असतात. त्याचे एक महत्त्वाचे उत्तर पुण्यात सापडते.

केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर भरत, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी; पण त्यांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळपास तेवढीच. हाडकुळे आणि तरी चरबीचे, अशा या शरीराला साखर सांभाळणे पुढे जड जाते. याज्ञिकांनी आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापून हे दाखवले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या कमी जागेत एवढे सांगणारे छायाचित्र विरळाच.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की अमेरिकी दवाखान्यातल्या तक्त्यावर ‘योग्य’ वजनाच्या रकान्यात बसणारी मराठी स्त्री प्रत्यक्षात धोक्याच्या पट्ट्यात असू शकते. सर्वसाधारण तक्ता २५ पर्यंतचा इंडेक्स निरोगी धरतो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांची चाचणी २३ पासूनच सुरू करावी असे सुचवले. ही सूचना माहीत असलेले डॉक्टर सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात भेटतात. कॅन्ससच्या गावात भेटतीलच असे नाही. जिथे निदान वेळेवर होते तिथे पुढची अडचण ताटाची. आहारतज्ज्ञ जो कागद हाती देते त्यात बेगल, पास्ता आणि टॉर्टिया यांचे माप असते. पोळी किती, आमटीत गूळ किती, चतुर्थीच्या साबुदाणा खिचडीचे काय, याचा हिशेब त्या कागदात नसतो आणि बाई तो विचारत नाही. शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव ही वेगळी बाब. पुण्याच्या त्याच अभ्यासात दोनतृतीयांश मातांमध्ये हे जीवनसत्त्व कमी आढळले होते, आणि ब-१२ कमी पण फॉलेट भरपूर अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची खूण दिसली होती. अमेरिकेत १९९८ पासून पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे आहे. त्या पिठाचा ब्रेड खाणाऱ्या शाकाहारी गर्भवतीचे ब-१२ तपासणे साधी गोष्ट आहे. ते आपणहून मागावे लागते.

बाळंतपणानंतर साखर उतरते आणि विषय मिटल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात गरोदरपणी मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या कैक पट असतो. म्हणून बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा ग्लुकोजची चाचणी करायची असते. अनेक जणी ती करतच नाहीत. तान्हे मूल घेऊन प्रयोगशाळेत दोन तास कोण बसणार, गाडी कोण चालवणार, आणि त्या महिन्यात विमा कोणाचा, या तीन प्रश्नांत ती राहून जाते. गर्भाशयमुखाच्या पॅप चाचणीचेही असेच होते. परदेशात जन्मलेल्या स्त्रियांत तिचे प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांपेक्षा कमी आहे. भारतात कोणीच बोलावले नव्हते, त्यामुळे तिकडे बोलावणे आले तरी ते आपल्यासाठी नसावे असे वाटते.

बाळंतपण हा मराठी घराचा सर्वांत जुना आरोग्यविषयक रिवाज, आणि अमेरिकेत तोच सर्वाधिक उसवतो. तिथल्या १९९६ च्या एका कायद्याने विमा कंपन्यांना साध्या प्रसूतीनंतर ४८ तास आणि सिझेरियननंतर ९६ तास रुग्णालयात राहण्याचा खर्च नाकारता येत नाही. कायदा संरक्षण म्हणून आला; व्यवहारात तोच मुक्कामाचा ठरलेला काळ झाला. त्यानंतर डॉक्टरांची भेट परंपरेने सहाव्या आठवड्यात. प्रसूतितज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये पहिला संपर्क तीन आठवड्यांच्या आत व्हावा असे म्हटले, ते सर्वत्र रुळलेले नाही. सव्वा महिना शेक-शेगडी, तेल, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आणि कोणीतरी रात्री बाळ घेणारे, ही जी व्यवस्था होती तिच्यात कालबाह्य भाग पुष्कळ होता. बाळंतिणीकडे दररोज कोणाची तरी अनुभवी नजर असे, एवढा भाग मात्र मोलाचा होता. सहा आठवड्यांच्या त्या रिकाम्या पट्टीत रक्तदाब चढतो, जखम चिघळते, मन खचते.

नोकरी करणारीला रजेचा प्रश्न वेगळा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात पगारी बाळंतपणाची रजा नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवडे बिनपगारी मिळतात, तेही पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी वर्षभर काम केले असेल तर. कॅलिफोर्नियाने २००४ मध्ये आणि न्यू जर्सीने २००९ मध्ये अंशतः पगाराची योजना सुरू केली, म्हणून मराठी वस्ती जिथे दाट आहे तिथे स्थिती थोडी बरी. भारतात २०१७ पासून संघटित क्षेत्रातल्या नोकरदार स्त्रीला २६ आठवडे आहेत. मुंबईतून त्याच कंपनीच्या ऑस्टिन कार्यालयात बदली झालेल्या बाईला हा फरक पोटात मूल असताना कळतो.

बाळंतपणानंतरच्या त्या रिकाम्या पट्टीवरचा मराठी उपाय म्हणजे आई. पर्यटकाच्या बी-टू व्हिसावर साधारण सहा महिने राहता येते; म्हणून आधी आई, ती परतली की सासू, अशी पाळी लावली जाते. ही व्यवस्था दूतावासाच्या वेळापत्रकावर चालते. कोविडच्या साथीत मे २०२१ पासून नोव्हेंबरपर्यंत भारतातून येणाऱ्या बहुतेक परकीय प्रवाशांना अमेरिकेने दार बंद केले होते. २०२२ मध्ये मुंबईच्या वाणिज्य दूतावासात पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांची मुलाखतीची प्रतीक्षा दोन वर्षांच्या वर गेली होती. नऊ महिन्यांच्या कामासाठी दोन वर्षांची रांग! त्या काळात बाळंत झालेल्या स्त्रियांनी व्हिडिओ कॉलवर अंघोळ घालायला शिकून घेतले.

बाळंतपणानंतरचे नैराश्य याच जागी घर करते. ते ओळखण्यासाठी अमेरिकी दवाखान्यांत दहा प्रश्नांची एडिनबरा प्रश्नावली देतात. ती भरताना शेजारी नवरा किंवा सासू असते, आणि प्रश्न उदासीबद्दल असतात. मराठी बाई उदास असल्याचे क्वचित सांगते; डोके जड आहे, झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, दूध कमी येते असे सांगते. नुकत्याच आलेल्या, वाहन परवाना नसलेल्या, मिशिगनच्या हिवाळ्यात अपार्टमेंटमध्ये बाळासह एकट्या असलेल्या एच-फोर स्त्रीची अवस्था त्या दहा प्रश्नांत मावत नाही.

विम्याचा कागद आता नीट पाहायला हवा. अमेरिकेत विमा असणे आणि उपचार परवडणे या दोन गोष्टी आहेत. वर्षातले पहिले काही हजार डॉलर स्वतः भरल्यावर विमा सुरू होतो, त्याला ‘डिडक्टिबल’ म्हणतात; शिवाय प्रत्येक भेटीला ठरावीक रक्कम वेगळी, तिला ‘कोपे’ म्हणतात. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने २०१४ पासून गरोदरपण हा ‘आधीचा आजार’ ठरवून विमा नाकारणे बंद झाले आणि प्रसूतीचा खर्च वैयक्तिक विम्यातही आवश्यक ठरला. त्याआधी स्वतः विकत घेतलेल्या विम्यात बाळंतपण बहुधा नसेच.

नवऱ्याची नोकरी गेली तर दोन घड्याळे एकदम सुरू होतात. एच-वनवाल्याला नवी नोकरी शोधायला ६० दिवस मिळतात. नाही मिळाली तर देश सोडायचा किंवा व्हिसाचा प्रकार बदलायचा. बाजारातला दुसरा विमा घेण्याची खास मुदतही ६० दिवसांची. १९८६ च्या ‘कोब्रा’ कायद्याने जुना विमा अठरा महिने चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरून, वर दोन टक्के. सातव्या महिन्यातली स्त्री हे सगळे वाचत असते. तंत्रज्ञान कंपन्यांनी २०२२ च्या अखेरीपासून मोठ्या नोकरकपाती केल्या तेव्हा मराठी मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत वधू-वर आणि ढोल-ताशाच्या निरोपांमध्ये हेच प्रश्न येऊ लागले. काही राज्यांत अशा गर्भवतीला मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, मिळू शकतो, कारण २००९ च्या कायद्याने कायदेशीर वास्तव्य असलेल्या गर्भवतींना पाच वर्षे थांबण्याची अट न लावण्याची मुभा राज्यांना दिली. ते विचारायला जाणाऱ्या थोड्या. सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल, ही भीती कायद्याच्या मजकुरापेक्षा खोल रुजलेली आहे.

ही भीती कुठून आली हेही नोंदलेले आहे. २०१९ च्या ‘पब्लिक चार्ज’ नियमाने मेडिकेडसारख्या मदतीचा वापर ग्रीन कार्डाच्या अर्जदाराविरुद्ध धरायचे ठरवले. गर्भवतींचे मेडिकेड त्यातून वगळले होते. तरीही लोकांनी सर्वच मदतीपासून अंग काढून घेतले. अर्बन इन्स्टिट्यूटच्या डिसेंबर २०१८ च्या पाहणीत, म्हणजे नियम लागू होण्याआधीच, स्थलांतरित कुटुंबांतल्या दर सातांपैकी एका प्रौढाने स्वतः किंवा घरातल्या कोणीतरी अशी मदत टाळल्याचे सांगितले. नियम २०२१ मध्ये रद्द झाला, २०२२ च्या अखेरीस सौम्य नियम आला. अफवा मात्र रद्द करता येत नाही.

घरातल्या हिंसेचा विषय मराठी व्यासपीठांवर सहसा शेवटी, आणि दबक्या आवाजात येतो. दक्षिण आशियाई स्त्रियांनी तो चाळीस वर्षांपूर्वीच उघड केला. ‘मानवी’ ही संस्था १९८५ मध्ये न्यू जर्सीत सुरू झाली, ‘सखी’ १९८९ मध्ये न्यू यॉर्कला, ‘मैत्री’ १९९१ मध्ये बे एरियात. अनिता राज आणि जे सिल्व्हरमन यांनी बोस्टन परिसरातल्या १६० दक्षिण आशियाई स्त्रियांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या सुमारे ४० टक्के स्त्रियांनी सध्याच्या जोडीदाराकडून हिंसा झाल्याचे सांगितले. नमुना लहान आणि आपणहून पुढे आलेल्यांचा होता, त्यामुळे हा आकडा सगळ्या समाजाला लावता येत नाही. पण सुशिक्षित, मिळवत्या घरांत हे घडत नाही हा समज त्याने मोडला.

एच-फोरवरच्या स्त्रीसाठी हिंसा हा आरोग्याचा प्रश्न दोन वाटांनी होतो. पहिली वाट जखमेची. दुसरी विम्याची : घटस्फोट होताच तिचा व्हिसा संपतो आणि विमाही संपतो. कोब्राखाली घटस्फोटितेला ३६ महिने मिळतात, पण घटस्फोटाची खबर विमा योजनेला ६० दिवसांत द्यावी लागते आणि हप्ता कुठून भरायचा हे कायदा सांगत नाही. २००५ मध्ये काँग्रेसने अत्याचारग्रस्त एच-फोर स्त्रीला स्वतंत्र काम-परवाना देण्याची तरतूद केली. त्यासाठीचा अर्ज स्वीकारला जाऊ लागला तो २०१७ मध्ये. मधली बारा वर्षे तो हक्क कागदावरच होता. आणखी एक बारीक तपशील फार महत्त्वाचा आहे. बाई डॉक्टरकडे गेली की विमा कंपनी खर्चाचे विवरणपत्र विमाधारकाला, म्हणजे नवऱ्याला पाठवते. मानसोपचार, गर्भनिरोधन, हाड मोडल्याची क्ष-किरण तपासणी, सगळे त्याच्या टेबलावर. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून अवलंबित व्यक्तीला हे पत्र आपल्या पत्त्यावर मागवण्याचा हक्क दिला. तो माहीत असणारी स्त्री बहुधा आधीच एखाद्या संस्थेपर्यंत पोहोचलेली असते.

वृद्ध आई हा याच साखळीतला पुढचा दुवा. नातवंडासाठी सहा महिने आलेली आई बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या सहा महिन्यांच्या मोजून आणते, कारण प्रवासी विमा जुन्या आजाराचा नेहमीचा खर्च देत नाही. अचानक उद्भवलेला भाग तेवढा, तोही मर्यादेत. छातीत दुखले तर ती रात्र काढते. मुलाचे बिल वाढेल याची तिला काळजी असते, आणि तिचा अंदाज चुकीचा नसतो. मुलगा नागरिक झाला आणि आईला ग्रीन कार्ड मिळाले तरी मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी विमा, लगेच मिळत नाही. पासष्ट वर्षे पुरी आणि सलग पाच वर्षांचे वास्तव्य हवे; अमेरिकेत पुरेशी वर्षे काम केलेले नसेल तर रुग्णालयाच्या भागाचा हप्ता पूर्ण भरावा लागतो, २०२५ मध्ये तो दरमहा ५१८ डॉलर होता. दरम्यान ती सकाळी नातवंडाला शाळेच्या बसपर्यंत सोडते, दिवसभर घरात असते. गाडी चालवता येत नाही, फूटपाथ नाही. गुडघे आणि मन दोन्ही आखडतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा ‘उत्तररंग’ हा ज्येष्ठांचा उपक्रम याच पोकळीतून उभा राहिला. त्याचा लाभ मुख्यतः तिथे चाळीस वर्षे काढलेल्यांना होतो, पाहुण्या आईला क्वचित.

भाषेचा अडसर इथेच भेटतो. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याखाली २०१६ मध्ये आलेल्या नियमांनी केंद्रीय निधी घेणाऱ्या रुग्णालयांना रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकाला दुभाषा म्हणून वापरण्यावर मर्यादा घातल्या. मराठी दुभाषा फोनवर मिळू शकतो. प्रत्यक्षात परिचारिका हिंदी दुभाषाला बोलावते, आई समजल्यासारखी मान हलवते आणि उरलेले मुलगा सांगतो. ज्या आईने मुलाला कधी पाळीबद्दल सांगितले नाही ती रजोनिवृत्तीनंतरच्या रक्तस्रावाबद्दल त्याच्या तोंडून कसे सांगणार? आणि तो रक्तस्राव गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकतो.

भाषा आणि संमती यांचा संबंध किती भीषण होऊ शकतो हे मेक्सिकन स्त्रियांनी भोगले. १९७० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या काउंटी रुग्णालयात प्रसूतीच्या कळा चालू असताना इंग्रजी कागदांवर सह्या घेऊन स्त्रियांच्या नसबंदी झाल्या. दहा जणींनी खटला भरला. ‘मॅड्रिगल विरुद्ध क्विलिगन’ या नावाने तो ओळखला जातो. १९७८ मध्ये त्या हरल्या. न्यायाधीशांनी ते गैरसमजातून झाल्याचे मानले. तरी त्याच काळात केंद्राने नसबंदीआधी तीस दिवसांची मुदत आणि रुग्णाला कळेल अशा भाषेतली संमती सक्तीची केली, आणि कॅलिफोर्नियाने १९७९ मध्ये आपला जुना नसबंदी कायदा रद्द केला. प्रकरण इतिहासजमा झाले म्हणावे, तर नोव्हेंबर २०२२ मध्ये सिनेटच्या उपसमितीने जॉर्जियातल्या अर्विन काउंटी स्थलांतरित कोठडीत स्त्रियांवर अनावश्यक आणि अतिरेकी स्त्रीरोग-शस्त्रक्रिया झाल्याचा अहवाल दिला.

कागदपत्रे नसलेल्या स्त्रीची वाट सर्वांत अरुंद. १९८६ च्या कायद्याने कोणत्याही आपत्कालीन विभागाला रुग्ण तपासून स्थिर केल्याशिवाय परत पाठवता येत नाही, आणि आपत्कालीन मेडिकेड प्रसूतीचा खर्च देते. १९९६ च्या कल्याणकारी सुधारणा कायद्याने बाकीची दारे बंद केली. ग्रीन कार्डधारकांनाही मेडिकेडसाठी पाच वर्षे थांबायला लावले. परिणाम असा, की बाळंतपणाच्या दिवशी खर्च दिला जातो, आधीच्या नऊ महिन्यांच्या तपासण्यांचा अनेक ठिकाणी नाही. मूत्रपिंडाच्या आजारात हा तर्क टोकाला जातो. कित्येक राज्यांत अशा रुग्णाला नियमित डायलिसिस मिळत नाही; जीव धोक्यात येईपर्यंत थांबून मग आपत्कालीन विभागात यावे लागते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांचा पाच वर्षांतला मृत्युदर नियमित डायलिसिस मिळणाऱ्यांच्या सुमारे चौदापट निघाला. कोलोरॅडोने २०१९ मध्ये नियम बदलला. तो अधिक माणुसकीचा होता आणि स्वस्तही.

मळ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना कीटकनाशके, उन्हाचा तडाखा आणि मुकादमाची लैंगिक जबरदस्ती ही तिहेरी जोखीम असते. ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांनी बीड जिल्हा २०१९ मध्ये चर्चेत आला, त्या बातम्या वाचलेल्या महाराष्ट्राला मुकादम, खाडा आणि शरीर यांचे हे नाते नवे नाही. टेक्सासच्या दक्षिण टोकाला रियो ग्रांदेच्या खोऱ्यात भूगोलच आडवा येतो. सॅन अँटोनिओच्या मोठ्या रुग्णालयांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सीमेपासून बऱ्याच आत, फॅलफुरियसजवळ सीमा गस्तीदलाचा तपासणी नाका आहे. कागद नसलेल्या बाईसाठी नाक्यापलीकडचा तज्ज्ञ डॉक्टर अस्तित्वातच नसतो. रुग्णालये आणि शाळांजवळ सहसा धरपकड करू नये हे धोरण अमेरिकी सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतले, तेव्हापासून नाका दवाखान्याच्या दारापर्यंत आला.

या सगळ्यात एक जुनी संस्था अजून काम करते. केनेडींनी १९६२ मध्ये सही केलेल्या स्थलांतरित आरोग्य कायद्यातून मजुरांसाठी दवाखाने निघाले, आणि १९६५ पासून त्यांच्या शेजारी सामुदायिक आरोग्य केंद्रे उभी राहिली. आज देशभर अशी सुमारे चौदाशे केंद्रे आहेत. फी उत्पन्नानुसार असते आणि पैसे नाहीत म्हणून कोणाला परत पाठवले जात नाही. नोकरकपातीत विमा गेलेली मराठी स्त्री तिथे जाऊ शकते. ती जात नाही, कारण तो ‘गरिबांचा दवाखाना’. ही प्रतिष्ठेची किंमत कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

आकडेवारीत मराठी स्त्रीच दिसत नाही, हेही खरे. अमेरिकेच्या अनेक सरकारी नोंदींत दीर्घकाळ ‘आशियाई’ हा एकच रकाना होता, आणि त्यात जपानी आजी व नांदेडची नवविवाहिता एकत्र मोजल्या जात. मार्च २०२४ च्या नव्या मानकांनी ‘एशियन इंडियन’ हा तपशील नोंदवणे सर्वसाधारण नियम केला आहे. भाषेचा रकाना त्यातही नाही. २०१० पासून सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि शिकागोत चाललेला ‘मसाला’ हा दक्षिण आशियाई हृदयविकाराचा दीर्घ अभ्यास ही उणीव काही अंशी भरून काढतो.

४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने पुढचे वेळापत्रक बदलले आहे. १ ऑक्टोबर २०२६ पासून निर्वासित आणि आश्रय मिळालेल्यांसह अनेक कायदेशीर स्थलांतरित केंद्रीय मेडिकेडच्या पात्रतेबाहेर जातात. १ जानेवारी २०२७ पासून बाजारातल्या विम्यावरची करसवलत ग्रीन कार्डधारक आणि काही मोजके गट यांच्यापुरती उरते. एच-वन आणि एच-फोर त्यात नाहीत. त्या तारखेनंतर नोकरी गेलेल्या घरातल्या गर्भवतीला तो विमा घेता येईल, पण त्याचा संपूर्ण हप्ता तिलाच भरावा लागेल.